पैसे मागणारे पत्र

1870 मध्ये जलंब ते खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची आगगाडी सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी वऱ्हाडात येतो, याचे कारण कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला होता आणि त्या टंचाईत खामगावच्या बाजाराचे नाव सातासमुद्रापार गेले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाणा जिल्ह्याला ते 1905 मध्ये जोडले गेले.

कापूस गाडीने मुंबईला जाई, पैसा मात्र कागदावर फिरे. नाण्यांच्या थैल्या वऱ्हाडातून मुंबईपर्यंत नेणे जोखमीचे, म्हणून व्यापारी हुंडी करत: अमुकाला इतके पैसे द्यावेत, असे दूरच्या पेढीला लिहिलेला कागद. कागदाची जोखीम निराळी होती. हा कागद ज्याच्या नावाने आला, त्यानेच तो लिहिला आहे कशावरून? मलकापूर किंवा चिखलीच्या एखाद्या दुकानदाराच्या मोबाइलवर आज ‘आमचे बँक खाते बदलले आहे, बिलाची रक्कम या नव्या खात्यात भरावी’ असा ईमेल येतो, तेव्हा त्याच्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की पेढीवरच्या मुनिमाला तो प्रश्न पडावा अशी व्यवस्था तेव्हाच्या बाजाराने करून ठेवली होती.

ती व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. हुंडीत रक्कम आधी आकड्यात येई, मग अक्षरात, आणि मग निम्म्याच्या दुपटीने: हजाराची हुंडी असेल तर ‘नीमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार पुरे’. शेवटी एक शून्य चिकटवून हजाराचे दहा हजार करू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे, आणि तिसऱ्या ठिकाणी ती हमखास डोळ्यांत भरे. शाहजोग हुंडीचे पैसे ती घेऊन आलेल्या कोणाही माणसाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहामार्फत ती आली तरच वटे. पुढे हुंडी बनावट निघाली, तर घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर असे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, काढायची; पेठही गहाळ झाली तर तिसरी, म्हणजे परपेठ. पैसे चुकते झाले की तो कागद खोखा होई आणि पुन्हा वटवता येत नसे. सगळ्यांत शहाणपणाची तरतूद मात्र हुंडीच्या बाहेर होती. हुंडी करणारा पेढीला स्वतंत्र पत्र धाडून कळवी, की अमुक मितीला, अमुक रकमेची, अमुकाच्या नावे हुंडी केली आहे. मुनीम दोन्ही कागद ताडून पाही.

पैसे मागणारा कागद एका वाटेने आणि त्याची ग्वाही देणारा कागद दुसऱ्या वाटेने, ही त्या रिवाजातली खरी ताकद. 1881 चा परक्राम्य संलेख कायदा आला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांचा स्थानिक रिवाज त्याने तसाच राहू दिला.

टपाल खात्याने 1880 च्या 1 जानेवारीपासून मनीऑर्डर सुरू केली, तिथेही शेवटचा टप्पा ओळखीचाच होता. घेणाऱ्याला ओळखणारा पोस्टमन दारात यायचा आणि सही किंवा अंगठा घेऊनच नोटा मोजायचा.

लबाडीची पत्रेही तितकीच जुनी आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रे लिहीत: पळताना आमच्या मालकाची रत्नपेटी अमुक ठिकाणी लपवली आहे, थोडे पैसे धाडाल तर वाटा देऊ. पुढे हीच गोष्ट ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने जगभर फिरली. 1980 च्या दशकात नायजेरियातून तशीच पत्रे टपालाने आणि फॅक्सने जाऊ लागली आणि तिथल्या फौजदारी कायद्याच्या 419 व्या कलमावरून त्या धंद्याला नाव मिळाले. पत्राला निदान टपालखर्च होता. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेपर्यंत पोहोचले, आणि मग परदेशी लॉटरी लागल्याचे, बेवारस वारशाचे, रिझर्व्ह बँकेत रक्कम अडकल्याचे ईमेल फुकटात लाखोंना जाऊ लागले.

रिझर्व्ह बँकेने मे 2010 मध्ये काढलेले परिपत्रक या धंद्याची रीत उलगडून दाखवते. आधी ‘प्रक्रिया शुल्क’, मग ‘कर’, मग ‘क्लिअरन्स’ अशा नावांनी रकमा मागितल्या जातात; आणि त्या गोळा करण्यासाठी वेगवेगळ्या बँक शाखांत व्यक्तींच्या किंवा छोट्या पेढ्यांच्या नावे खाती उघडलेली असतात. ही दुसरी गोष्ट जास्त मनावर घ्यायला हवी. थोड्या कमिशनसाठी आपले पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा तरुण या साखळीची कडी होतो, आणि पोलीस पैशाचा माग काढत पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

त्याच परिपत्रकात आणखी एक इशारा होता: अशा योजनांसाठी परदेशी पैसे पाठवणारा स्वतःच परकीय चलन कायद्याखाली कारवाईला पात्र ठरू शकतो. इशारा योग्यच, पण फसलेल्या माणसाच्या कानाला तो कसा लागत असेल? आधीच घरात लाज, त्यात कायद्याचे भय. बोलायचे त्याच वेळी माणूस गप्प बसतो, आणि भामट्याला हवे असते ते नेमके हेच.

साध्याभोळ्या, कमी शिकलेल्या माणसांनाच असे ईमेल फसवतात, हा समज मुंबईतल्या एका प्रकरणाने खोटा ठरवला. नोव्हेंबर 2018 मध्ये टेक्निमाँट या इटालियन अभियांत्रिकी कंपनीच्या भारतीय शाखेच्या प्रमुखाला इटलीतल्या मुख्याधिकाऱ्याच्या नावाने ईमेल आले. चीनमध्ये एक गुप्त खरेदी करायची आहे, काही नियमांमुळे इटलीतून पैसे पाठवता येत नाहीत, तेव्हा भारतातून पाठवा. पाठोपाठ दूरध्वनीवर बैठकाही झाल्या. त्यांत एक जण मुख्याधिकारी झाला, दुसरा स्विस वकील. एका आठवड्यात तीन हप्त्यांत 1 कोटी 86 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 130 कोटी रुपये, हाँगकाँगच्या बँकांत गेले आणि तिथून लगोलग काढले गेले. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटलाही असाच फटका बसला. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर अदर पूनावाला यांचे नाव लावून संदेश आले होते आणि गेलेली रक्कम एक कोटी रुपयांहून अधिक होती.

अशा ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव अचूक असते, खोट असते ती पत्त्यात. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टंकले, की मोबाइलच्या छोट्या पडद्यावर भले भले चकतात. मजकुरात घाई असते आणि कोणाला न सांगण्याची ताकीद असते. टेक्निमाँटमध्ये पडताळणीचे फोन झाले खरे, पण ते भामट्यांनीच जुळवलेले होते. पडताळणी करायची ती आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर, ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. मुनिमाचे दुसरे पत्र म्हणजे आज हाच फोन.

कायदा थोडा उशिरा पण नेटाने मागे धावला. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. त्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या हुद्द्याखाली करता येत नसे. म्हणजे तालुक्याच्या ठाण्यात गेलेली तक्रार तिथल्या निरीक्षकाला हाताळताच येत नव्हती. 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने निरीक्षकाला तो अधिकार मिळाला. त्याच दुरुस्तीने 66-ड हे कलम आणले: संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. 2021 मध्ये आर्थिक फसवणुकीसाठी 155260 ही देशव्यापी मदतवाहिनी आली. तिचाच क्रमांक पुढे 1930 झाला.

1930 वर सांगितलेली माहिती एका प्रणालीत भरली जाते. पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच सूचना मिळते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. पुढच्या बँकेत गेली असेल तर सूचनाही पुढे जाते. म्हणून आधी फोन, मग बाकी सारे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार त्यानंतर सविस्तर भरता येते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी हवा. आलेला ईमेल रागाने पुसून टाकू नये आणि नुसत्या स्क्रीनशॉटवरही भागवू नये. तो कोणत्या सर्व्हरवरून निघाला याची नोंद मूळ ईमेलच्या शीर्षभागात दडलेली असते आणि तपासाला तीच लागते.

बँकेलाही त्याच दिवशी कळवावे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी काढलेल्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः न केलेला व्यवहार ग्राहक आणि बँक यांच्याबाहेरच्या कोणाच्या लबाडीने झाला असेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याचेही सारे हातचे जात नाही: बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.