ओहोटीच्या वाळूवरचा नायक

अमेरिकी काउबॉयची प्रेमकथा मुळात उशिरा जन्मली. 1874 साली काटेरी तारेचे पेटंट निघाले, 1886-87च्या हिवाळ्यात कळपच्या कळप गारठून मेले, मोकळी कुरणे संपत गेली. आणि ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ आली 1902 साली. शिक्षिकेच्या प्रेमात पडणारा तिच्यातला गुराखी वाचकांना गोड वाटला, कारण तोवर तो स्मरणातला झाला होता. (माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही मास्तर मेंढपाळांच्या वस्तीत येतो, पण तेथे दुष्काळ गोडव्याला जागा ठेवत नाही.)

रायगडच्या किनाऱ्यावरचा गाडीवान अजून स्मरणात गेलेला नाही. अलिबाग-मुरूडकडे ओहोटीच्या घट्ट वाळूवर बैलगाड्या धावतात. 7 मे 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यतींवर बंदी आली. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षे शर्यतीची जोडी विकायची की पोसायची, आणि घरातल्या लग्नाच्या बोलणीत त्या वैरणीचा हिशेब कसा मांडायचा, येथे आम्हांस कादंबरी दिसते. मात्र बैलांच्या छळाची नोंद 2014च्या निकालातच आहे. नायकाच्या हातातला चाबूक लेखकाला लपवता येणार नाही.