अध्ययन अक्षमतेची व्याख्या आणि निदान : एक ऐतिहासिक आढावा (वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : डिस्लेक्सिया, अध्ययन अक्षमता, नयी तालीम, कार्यानुभव, प्रमाणपत्र

प्रस्तावना :
अभ्यासात मागे राहणाऱ्या मुलासाठी मराठी शाळेत 'ढ' ही एकाक्षरी उपाधी फार पूर्वीपासून रूढ आहे. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून जागचा न हलणारा तो 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. या उपाधीत निर्णय आहे, कारणाचा शोध नाही. मूल का वाचू शकत नाही, हा प्रश्न डिस्लेक्सिया या संज्ञेमुळे विचारला जाऊ लागला. तथापि कोणत्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारावयाचा, हे त्या त्या काळच्या व्याख्येने ठरविले. प्रस्तुत निबंधात या व्याख्येचा प्रवास तपासून वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण विद्यार्थी तिच्या कक्षेत कितपत येतो, याचा विचार केला आहे.

संज्ञेचा उगम व विकास :
जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये 'शब्दांधत्व' ही कल्पना मांडली. स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी १८८७ च्या आपल्या ग्रंथात 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला. हे दोघेही मेंदूला इजा झालेल्या प्रौढ रुग्णांविषयी बोलत होते. शाळकरी मुलाची पहिली महत्त्वाची नोंद डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केली. पर्सी नावाचा १४ वर्षांचा हा मुलगा हुशार व खेळात तरबेज होता. परंतु त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतील सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. दोष मुलात आहे की शिक्षणाच्या एकमेव मार्गात, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच नोंदीत उपस्थित झालेला दिसतो.

पुढे ग्लासगोचे हिन्शेलवूड (१९१७) आणि अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन (१९२५) यांनी हा विषय विस्तारला. १९६३ मध्ये सॅम्युएल कर्क यांनी 'अध्ययन अक्षमता' ही व्यापक संज्ञा प्रचारात आणली. तीत वाचनाबरोबरच लेखनातील (डिस्ग्राफिया) व गणितातील (डिस्कॅल्क्युलिया) अडचणींचाही समावेश होऊ लागला.

आपल्या दृष्टीने १९६८ ची जागतिक चेतासंस्था महासंघाची व्याख्या निर्णायक ठरते. रूढ अध्यापन, पुरेशी बुद्धिमत्ता आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी उपलब्ध असूनही वाचन न येणे म्हणजे डिस्लेक्सिया, असा तिचा आशय होता. शास्त्रीय काटेकोरपणासाठी घातलेल्या या अटींचा सामाजिक परिणाम मोठा झाला. ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याच्या शाळेत शिक्षक अपुरे आहेत, त्या मुलाला 'संधी' मिळालीच नाही, असे मानून तो निदानाच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः दारिद्र्य आणि डिस्लेक्सिया एकाच मुलाच्या वाट्याला येऊ शकतात. अशा मुलाची अडचण दुहेरी असते; पण व्याख्या त्यातील एकच बाजू पाहते.

वर्ध्याचा शैक्षणिक वारसा :
२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीत विनोबा भावे, काका कालेलकर व जे. सी. कुमारप्पा यांचा समावेश होता. ७ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्रस्थान ही या योजनेची मुख्य सूत्रे होत. सूतकताई, विणकाम, शेती, सुतारकाम यांच्याशी समवाय साधून भाषा व गणित शिकवावयाचे होते. सेवाग्राम येथे आर्यनायकम दांपत्याने हा प्रयोग दीर्घकाळ चालविला.

अध्ययन अक्षमतेचा विचार या योजनेत नव्हता आणि तो आज तिच्यावर लादणे इतिहासाशी विसंगत ठरेल. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्या शाळेत मुलाची पारख केवळ वाचन-लेखनावर होते, तेथे वाचता न येणारे मूल सर्वच बाबतींत अपयशी ठरते. जेथे हातांना, निरीक्षणाला व तोंडी कथनाला स्थान असते, तेथे त्याची बुद्धी शिक्षकाच्या दृष्टीस पडते. 'बुद्धी आहे, पण वाचन नाही' ही विसंगती ओळखणे हाच निदानाचा आरंभ असल्याने, अशी संधी देणारी शाळा निदानालाही उपकारक ठरते.

महाराष्ट्रातील मान्यता :
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अंधत्व, मतिमंदत्व आदी सात प्रकार होते. अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिक, तसेच द्वितीय भाषा किंवा बीजगणित-भूमितीऐवजी निम्नस्तर गणित व कार्यानुभव असे या सवलतींचे स्वरूप होते.

यातील 'कार्यानुभव' हा शब्द वर्धेकरांनी थांबून वाचावा असा आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस करताना मूलोद्योग शिक्षणाशी त्याचे नाते मान्य केले होते. १९३७ मध्ये वर्ध्याने जे काम प्रत्येक मुलाच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, तेच १९९६ मध्ये प्रमाणपत्रधारक मुलाची सवलत म्हणून परतले.

२००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा अंतर्भाव केला. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी इयत्ता तिसरी किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांकडून प्राथमिक चाळणी, त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची तपासणी असा क्रम घालून दिला. म्हणजे संपूर्ण प्रक्रियेची पहिली पायरी वर्गशिक्षकच आहे.

मराठी मुलाचे निदान :
इंग्रजीत अक्षर व उच्चार यांचा मेळ अनियमित असल्याने डिस्लेक्सिया चुकीच्या वाचनातून चटकन उघड होतो. इटालियनसारख्या नियमित लेखनाच्या भाषेत तीच मुले बऱ्याच अंशी अचूक, पण संथ वाचतात. इंग्रज, फ्रेंच व इटालियन वाचकांच्या २००१ मधील तुलनात्मक अभ्यासात भाषा वेगळ्या असूनही मेंदूतील अडचणीची जागा समान आढळली. देवनागरीही बव्हंशी उच्चारानुसारी आहे. म्हणून मराठी मुलाच्या बाबतीत केवळ चुका मोजून भागत नाही. वाचनाचा वेगही पाहावा लागतो. शिवाय जोडाक्षरे, रफार, व्यंजनाआधी लिहिली पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी, घ-ध, भ-म यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे ही आपल्या लिपीची खास अवघड स्थळे होत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' हे चाचणी-साधन इंग्रजी, हिंदी व कन्नडबरोबर मराठीतही उपलब्ध केले, ही स्वागतार्ह बाब होय.

निष्कर्ष :
१. डिस्लेक्सियाची व्याख्या दीर्घकाळ 'संधी मिळालेल्या' मुलाभोवती फिरत राहिली. त्यामुळे ग्रामीण मूल 'ढ' या जुन्याच उपाधीत अडकून राहण्याचा धोका आहे.
२. जेथे वर्गातील अनेक मुले वाचनात मागे असतात, तेथे डिस्लेक्सिया असलेले मूल त्या गर्दीत हरवते. सर्वांना काही आठवडे पद्धतशीर वाचन-साहाय्य द्यावे व त्यानंतरही न सुधारणाऱ्यांची तपासणी करावी, हा मार्ग अशा वेळी अधिक न्याय्य ठरतो.
३. सेवाग्राम (१९६९) व सावंगी (१९९०) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या या जिल्ह्यात आर्वी, कारंजा, आष्टी, समुद्रपूरच्या शाळा आणि तज्ज्ञ यांची साखळी उभी करणे अशक्य नाही.
४. हस्तोद्योग हा वाचन-उपचाराला पर्याय नव्हे. वाचनाचे विशेष अध्यापन अटळच आहे. तथापि उपचार चालू असता मुलाचा आत्मविश्वास टिकविण्याचे सामर्थ्य त्यात आहे.
५. शाळेत निदान न झालेले हेच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतात. तोंडी उत्तर समर्पक आणि उत्तरपत्रिका तुटक, ही विसंगती दिसताच आळशीपणाचा शिक्का न मारता तपासणीसाठी मार्गदर्शन करणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते. २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु प्रमाणपत्राअभावी हा हक्क कागदावरच राहतो.