माळेगावच्या बाजाराला नवं नाव देताना

फोनवर माळेगाव शोधलं की बारामतीजवळचा साखर कारखाना समोर येतो, नाहीतर नाशिककडचं मालेगाव. आमचं माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. हल्ली फलकांवर आणि रील्समध्ये तिचा 'महोत्सव' होत चाललाय. लावणी महोत्सव, कृषी प्रदर्शन, कुस्त्यांचा फड. यात वाईट काही नाही, लावणी मीही बघतो. पण आमच्या घरात कुणी "माळेगावला चाललो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "काय आणणार?" कारण माळेगाव म्हणजे आधी बाजार.

आणि तो जनावरांचा. घोडे येतात, उंट येतात. लाल कंधारी बैल तर घरचेच, कारण लोहा पूर्वी कंधार तालुक्यातच होतं आणि या तांबड्या जातीचं नाव तिथूनच पडलं. व्यापाऱ्याचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं रुमालाखाली चालतं. बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला कळू द्यायचा नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त गाढवांच्या बाजाराबद्दल बोलायचंय, कारण पोस्टरवर त्याला कधीच जागा मिळत नाही. गाढव घ्यायला येतात वडार, कुंभार, बेलदार, कैकाडी. माती, वीट, वाळू वाहून ज्यांचं पोट चालतं ती माणसं. लहानपणापासून ऐकत आलोय की इथला बराच व्यवहार उधारीवर होतो. आज जनावर न्यायचं, पैसे पुढच्या यात्रेला आणून द्यायचे. कागद नाही, जामीन नाही. वर्षभर गावोगाव फिरणारा माणूस पुढच्या मार्गशीर्षात याच माळावर भेटणार, एवढीच हमी. कुठल्या बँकेने या माणसाला कर्ज दिलं असतं?

इथे थोडा इतिहास लागतो. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 ला त्यांच्यावरचा शिक्का निघाला. 'विमुक्त' हा शब्द तिथला. ज्यांच्याकडे सरकार संशयाने बघायचं आणि गाव वेशीबाहेर ठेवायचं, त्यांना वर्षातून एकदा हक्काने पालं ठोकता येतील अशी जागा म्हणजे ही यात्रा. वैदू, घिसाडी, मसणजोगी असे समाज इथे जमायचे. सोयरिकी जुळायच्या, वर्षभराची भांडणं जातपंचायतीपुढे यायची.

त्या पंचायतींचं गुणगान मी करणार नाही. दंड, वाळीत टाकणं, बाईचा सगळ्यांसमोर अपमान हेही तिथेच व्हायचं. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा 2016 मध्ये केला आणि 2017 पासून तो लागू झाला, ते बरंच झालं. वारसा म्हणून सगळंच जपायचं नसतं. पण पंचायत वेगळी आणि पालं वेगळी. पंचायतीवरच्या रागापोटी पालं हलवायची गरज नाही.

नाव बदललं म्हणून बाजार मरतो असंही नाही. पुण्यात 1886 मध्ये 'रे मार्केट' उभं राहिलं. त्या खर्चाला नगरपालिकेत महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचंच नाव लागलं. पुणेकर दोन्ही नावं बाजूला ठेवून 'मंडई' म्हणतात. पण मंडईतल्या भाजीवाल्याचा गाळा पक्का आहे. माळेगावात गाढव विकणाऱ्याला कसला आलाय गाळा! मोकळा माळ हीच त्याची जागा, आणि मंडप वाढला, पार्किंग वाढलं की सगळ्यात आधी तीच आक्रसते.

म्हणून ब्रँडिंग करायचंच असेल तर जरूर करा. लोगोत खंडोबाचा घोडा येणार हे उघड आहे, त्याच्या बाजूला एखादं गाढवही येऊ द्या. नकाशा काढताना मात्र स्टेजच्या आधी जनावरांचा तळ आखा. तळाला पाण्याचे हौद, रात्रीचा उजेड आणि गुरांचा डॉक्टर हवा. बायकांसाठी संडास तर पहिल्या दिवसापासून हवेत, तेही पालांजवळ, व्हीआयपी मंडपामागे नकोत. आणि कार्यक्रमपत्रिकेत गाढवांच्या बाजाराचे दिवस छापा. विकणारे लांबून येतात, आणि आता त्यांच्याही हातात फोन असतो.