लाज कोणी बाळगायची? 'द शू-हॉर्न सोनाटा' आणि युद्धकैदी स्त्रिया



युद्ध संपले की कोणत्या सेनापतीने कोणते शहर जिंकले याची नोंद लगेच होते. कैदेत पडलेल्या स्त्रियांचे काय झाले, हे मात्र त्या स्त्रियांनाच सांगावे लागते. आणि त्या बोलू लागल्या की घर, समाज आणि सरकार मिळून त्यांना गप्प बसवतात. ही गप्प बसवण्याची यंत्रणा कशी चालते, हे समजून घ्यायचे असेल तर ऑस्ट्रेलियन नाटककार जॉन मिस्टो यांचे 'द शू-हॉर्न सोनाटा' हे नाटक आपण अभ्यासले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षे होत असताना, १९९५ साली ते सिडनीत रंगभूमीवर आले.

आधी इतिहास पाहू. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांचे 'अभेद्य' सिंगापूर जपानच्या हाती पडले. त्याच्या आधीच्या दिवसांत शहर सोडून निघालेल्या 'व्हायनर ब्रुक' या जहाजावर ६५ ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका होत्या. १४ फेब्रुवारीला जपानी विमानांनी ते जहाज बुडवले. १२ परिचारिका समुद्रातच गेल्या. बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्या २२ जणींना १६ फेब्रुवारीला पाण्यात चालत जायला लावून मागून गोळ्या घातल्या. त्यांतून व्हिव्हियन बुलविंकेल या एकट्या वाचल्या. त्यांच्यासह ३२ जणी कैदेत गेल्या. सुमात्रा परिसरातील छावण्यांत उपासमार, हिवताप आणि मारझोड यांत आणखी आठ जणींचा बळी गेला. १९४५ साली मायदेशी परतल्या त्या फक्त २४.

या इतिहासातून मिस्टो यांनी दोन काल्पनिक स्त्रिया उभ्या केल्या. ब्रिडी ही ऑस्ट्रेलियन परिचारिका आणि शीला ही सिंगापुरात वाढलेली किशोरवयीन इंग्रज मुलगी. पन्नास वर्षांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीसाठी दोघी मेलबर्नमध्ये भेटतात. रंगमंचावर दोघीच आहेत. प्रश्न विचारणारा पुरुष फक्त आवाजातून ऐकू येतो. मागे पडद्यावर युद्धाची खरी छायाचित्रे दिसत राहतात.

त्यांची मैत्री सहज जुळलेली नाही. शीलावर साम्राज्याच्या उच्चनीचतेचे संस्कार आहेत. इंग्रज वरचे, ऑस्ट्रेलियन आणि आयरिश खालचे! भूक आणि आजारपण यांत ही उतरंड कामाला येत नाही, तेव्हा दोघी एकमेकींना माणूस म्हणून ओळखू लागतात. नाटकाच्या नावातील 'शू-हॉर्न' म्हणजे पायात बूट चढवण्याची पट्टी. ब्रिडीला ती वडिलांनी दिलेली असते. छावणीतल्या गायनवृंदाला ताल देण्यासाठी तीच वापरली जाते.

हा वृंद नाटककाराच्या कल्पनेतला नाही. मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स या दोघींनी पालेम्बांगच्या छावणीत तो खरोखर उभा केला होता. वाद्ये नव्हती, म्हणून वाद्यवृंदाचे संगीत स्त्रियांनी केवळ कंठातून गुणगुणले. पहिला कार्यक्रम डिसेंबर १९४३ मध्ये झाला. पुढे गाणाऱ्याच मरू लागल्या आणि वृंद थांबला. ड्रायबर्ग स्वतः एप्रिल १९४५ मध्ये छावणीतच वारल्या.

नाटकाचा खरा घाव उत्तरार्धात आहे. ब्रिडी हिवतापाने मरायला टेकली असताना शीलाने क्विनाइनच्या गोळ्या आणल्या. शू-हॉर्न विकून आणल्या, असे तिने सांगितले. पन्नास वर्षांनी तीच शू-हॉर्न ती ब्रिडीसमोर काढते. मग गोळ्यांची किंमत कशाने चुकवली होती? शीलाने स्वतःचे शरीर जपानी पहारेकऱ्याला दिले होते. मैत्रिणीचा जीव वाचला आणि शीलाने युद्धानंतर त्याच मैत्रिणीला कायमचे टाळले. ब्रिडीनेही तसेच केले असते का, हा शीलाचा प्रश्न आहे. ब्रिडीला त्याचे उत्तर लगेच देता येत नाही.

आमच्या मते या नाटकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गुन्हा पहारेकऱ्याचा. युद्ध साम्राज्यांचे. लाज मात्र आयुष्यभर शीलाने वाहिली! हे कसे घडले? बाईच्या शरीरात घराण्याची, राष्ट्राची आणि साम्राज्याची इज्जत कोंबून ठेवली की तिच्यावरचा अत्याचार हा तिचाच कलंक ठरतो. सत्तेला हे सोयीचे असते. साम्राज्याच्या स्त्रियांची अशी दैना झाली हे जगाला कळू नये म्हणून ब्रिटिशांनी कैदेतल्या डायऱ्या जाळल्या, असे नाटकातील या स्त्रिया सांगतात. प्रत्यक्षात बुलविंकेल यांनी टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणासमोर साक्ष दिली. पण गोळ्या घालण्यापूर्वी परिचारिकांवर लैंगिक अत्याचार झाले होते आणि त्याबद्दल बोलू नये असे बुलविंकेल यांना बजावण्यात आले होते, हे इतिहासकार लिनेट सिल्व्हर यांनी २०१९ साली मांडले. तोवर बुलविंकेल यांना जाऊन जवळपास दोन दशके झाली होती.

आता समेटाचा प्रश्न. अन्याय झालेल्या माणसाला समाज एकच सल्ला देतो: झाले गेले गंगेला मिळाले, आता विसरून जा. हे नाटक तो सल्ला नाकारते. यात पहारेकरी येऊन माफी मागत नाही आणि त्याला कोणी क्षमाही करत नाही. समेट होतो तो दोन पीडित मैत्रिणींमध्ये, तोही लपवलेले सत्य कॅमेऱ्यासमोर उघड झाल्यावर. शेवटी दोघी नाचतात. विसरून जाऊन मिळालेला हा आनंद नाही, सत्य बोलून मिळालेला आहे.

तरीही या नाटकाची मर्यादा सांगितली पाहिजे. युद्ध ज्या भूमीवर झाले तेथील मलाया आणि इंडोनेशियाच्या स्त्रियांना रंगमंचावर जागा नाही. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांत बहुसंख्य आशियाई होत्या. कोरियाच्या किम हाक-सून यांनी १९९१ साली स्वतःच्या नावाने, उघड चेहऱ्याने जाहीर साक्ष दिली. त्यानंतर १९९२ साली जान रफ ओहर्न या ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या डच स्त्रीने पन्नास वर्षांचे मौन सोडले. एका गरीब आशियाई स्त्रीच्या धैर्याने गोऱ्या स्त्रीचीही वाट मोकळी केली, हा क्रम आपण लक्षात ठेवला पाहिजे.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरात लष्करी परिचारिकांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडले. दगडी स्मारक लागतेच. पण शीलासारख्या बाईला स्मारकाआधी तिचे ऐकणारे कोणीतरी हवे असते, जे तिला विचारणार नाही की तू हे का केलेस. जे विचारतील की तुझ्यावर ही वेळ कोणी आणली. साक्ष नोंदवायला बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा दुसरा प्रश्न आधी शिकला पाहिजे. लाजेचे ओझे पीडितेच्या खांद्यावरून उतरवून गुन्हेगाराच्या खांद्यावर ठेवण्याचे काम तिथूनच सुरू होते.