घरपट्टी कुणाची, रखवाली कुणाची?

घरपट्टीचे बिल हातात पडले की आपण दोनच गोष्टी पाहतो. रक्कम किती आणि भरण्याची शेवटची तारीख कोणती. मी लोणावळ्यात राहतो आणि गावाच्या इतिहासाची मला आवड आहे. मला या कागदात दीडशे वर्षांची एक गोष्ट दिसते. गावाची रखवाली कुणी करायची आणि तिचे पैसे कुणी भरायचे, ही ती गोष्ट.

लोणावळा वाढले ते रेल्वेमुळे. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. घाटावरच्या इंजिनांसाठी कारखाना आला, त्यामागोमाग कामगार आले, मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. १८७७ मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली. मावळातच तळेगाव दाभाडेची नगरपालिका त्याच्याही आधीची, १८६६ सालची.

त्या काळी दिवाबत्ती आणि झाडलोटीबरोबर पोलिसांच्या खर्चाचा भारही अनेक शहरांत नगरपालिकेच्या तिजोरीवर पडे. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने धोरण बदलले. पोलिसांचा खर्च सरकारने उचलावा आणि नगरपालिकांनी तो पैसा शिक्षण, दवाखाने आणि गावच्या कामांकडे वळवावा, असे ठरले. ती वाटणी आजही कायम आहे. लोणावळ्यातले पोलीस पुणे ग्रामीण पोलीस दलाचे, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. घरपट्टी भरताना ‘आमच्या पैशांवर पोलीस’ असे कुणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. अग्निशमन दल मात्र नगरपरिषदेचे. बंबाचे डिझेल आणि जवानांचा पगार गावाच्या अंदाजपत्रकातून जातो.

आता हे पैसे जमतात कसे, ते पाहू. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याची जुनी, रूढ पद्धत अशी, की घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करायचा. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. समजा, वर्षाचे भाडे ६० हजार धरले, तर कर बसतो ५४ हजारांवर. दर चार वर्षांनी नवी आकारणी होते. तेव्हाच हरकत घ्यायची असते, पण पुष्कळांना ते बिल आल्यावर आठवते. शिवाय बिलातले सगळे पैसे गावात राहत नाहीत. शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर नगरपरिषद फक्त गोळा करते आणि सरकारजमा करते.

पूर्वी नगरपरिषदांना दुसरा मोठा आधार जकातीचा होता. गावात माल शिरला की नाक्यावर पैसे मिळत. पाहुण्यांची गर्दी वाढली, हॉटेलांत माल जास्त आला, की तिजोरीतही भर पडे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्याबदल्यात सरकारी अनुदान आले. व्यापाऱ्यांचा जाच संपला हे चांगलेच झाले. पण पाहुण्यांची वर्दळ आणि गावाचे उत्पन्न यांना जोडणारा धागा तुटला.

लोणावळ्याला ही गोष्ट जास्त जाणवते. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती सुमारे ५७ हजार होती. पावसाळ्यातल्या रविवारी रस्त्यावर दिसणारी गर्दी या आकड्यात कुठेच नाही. तिच्यामागचा कचरा, तिच्यासाठीचे दिवे, रुग्णवाहिका यांची तरतूद मात्र ५७ हजारांच्या गावाने करायची.

त्यातून हद्दीचा गुंता आहे. भुशी धरण इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले, रेल्वेचे. आसपास वनखात्याची जमीन. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर प्रशासनाने निर्बंध घातले. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तिथे नव्या पुलासाठी निधी मंजूर होता, काम सुरू झालेले नव्हते. अशा वेळी पाण्यात उतरणाऱ्यांमध्ये ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक असतात. त्यांच्या धाडसाला सलामच आहे, पण गावाची रखवाली सदैव हौशी माणसांच्या जिवावर कशी सोडायची?

याचे उत्तर अंदाजपत्रकात शोधावे लागते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत निवडणुका रखडल्या, तेव्हा काही वर्षे प्रशासकच अंदाजपत्रक मंजूर करीत होते. सभागृहच नव्हते, तर चर्चा कुठली होणार? डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नगरसेवक पुन्हा आले. आता त्यांना विचारायला हवे, की अग्निशमनाला किती ठेवले आणि गेल्या वर्षी ठेवलेल्यातले खरेच किती खर्च झाले? रेल्वे, वनखाते आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडून किती मिळाले? तरतूद आणि खर्च हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात.

घरपट्टी आपण मुकाट्याने भरतो, ते ठीकच. तिचा हिशेब मात्र मुकाट्याने सोडून देऊ नये. १८७७ मध्ये नगरपालिका आली ती गावाने आपला कारभार आपण पाहावा म्हणून, आणि कारभार पाहायचा म्हणजे आधी हिशेब पाहायचा.