शिडी धरणारा

परवा शनिवारी सकाळी सकाळी शेजारचे आजोबा दारात उभे. "तासभर शिडी धरायला येतोस का?" दरवर्षी त्यांचा मुलगा येतो, यंदा त्याला रजा नाही. मी हो म्हणून मोकळा झालो आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आपण हरणाच्या शिकारीच्या तयारीला निघालोय! (आई, घाबरू नकोस. बंदुकीला हातसुद्धा लावला नाही.)

इथे विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तयारी मात्र पानं पिवळी पडली की सुरू.

आधी गेलो नेमबाजीच्या मैदानावर. आजोबांची बंदूक म्हणजे त्यांच्या वडिलांची विंचेस्टर १८९४. जॉन ब्राउनिंगने आखलेली ही रायफल इतकी खपली की आजवर सत्तर लाखांहून जास्त तयार झाल्या. दुर्बीण वगैरे काही नाही, पुढे माशी, मागे खाच. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून त्यांनी शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही जवळजवळ पडल्या, पण डावीकडे. मग खाच हातोडीने हलकेच उजवीकडे सरकवली. नळी थंड होईपर्यंत कॉफी. परत तीन. मी विचारलं, "एवढी कटकट कशाला?" ते म्हणाले, "नेम चुकला तर हरण मरत नाही. जखमी होऊन रात्रभर भटकतं."

माझ्या आजोबांकडेही कोकणात ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या परवान्याची. मचाणावर बसून रात्री डुकरं हाकायची, आणि कधीतरी भेकरही मिळायचं असं घरात दबक्या आवाजात बोलायचे. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही जवळजवळ संपली. त्यामुळे माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता: शिकार बंद म्हणजे प्राणी वाचले. इथे तो हिशोब काही जुळेना. म्हणून घरी येऊन वाचत बसलो.

एकोणिसाव्या शतकात इथे हरणाचं मांस हा चक्क धंदा होता. रेल्वेने हरणं भरभरून शहरांच्या बाजारात जायची. १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात शिकार थांबली नाही, तिला वेसण घातली गेली. विस्कॉन्सिनने १८९७ मध्ये माणशी दोन हरणांची मर्यादा घातली आणि एक डॉलरचा परवाना लावला. १९०० मध्ये लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरवलं. १९१५ मध्ये इथे फक्त नर मारायची परवानगी उरली. १९२५ मध्ये तर एक वर्षाआड मोसमच बंद ठेवायचं ठरलं.

आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. रायफली आणि काडतुसांवर अकरा टक्के कर, तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना. म्हणजे आजोबांनी परवा विकत घेतलेल्या काडतुसांच्या खोक्यातही जंगलाचा वाटा होता.

गंमत म्हणजे पुढे हरणं इतकी वाढली की हिवाळ्यात उपाशी मरायला लागली. आल्डो लिओपोल्ड तेव्हा इथे विद्यापीठात शिकवायचे. कळप कमी करा, माद्याही मारू द्या, असं ते सांगत राहिले. १९४३ मध्ये तशी परवानगी मिळाली, तर शिकारीच खवळले! लिओपोल्डना भरपूर शिव्या खाव्या लागल्या. ज्यांनी आयुष्यभर प्राणी वाचवायचं शास्त्र उभं केलं, त्यांनाच "मारा" म्हणावं लागलं. मी तो भाग दोनदा वाचला.

आजोबांच्या खुंटीवरचं जाकीटही असंच काहीतरी सांगतं. १९४५ पासून शिकाऱ्यांना लाल कपडे सक्तीचे झाले, १९८० पासून झगझगीत केशरी. कारण माणसं एकमेकांना हरीण समजून गोळ्या घालत होती. तयारीच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूमागे कुणाची तरी चूक आहे, कुणाचा तरी जीव आहे.

असो. तर मैदानावरून आम्ही त्यांच्या रानात गेलो. ओकच्या झाडाला टेकवलेली लोखंडी शिडी, वर बसायला जाळीची खुर्ची. ही त्यांची मचाण. वर्षभर उन्हापावसात राहिलेले पट्टे त्यांनी ओढून पाहिले. एक खारींनी कुरतडलेला. दुसरा झाड जाड झाल्यामुळे सालीत रुतलेला, आणि हाताने ताण देताच तट्‌कन तुटला.

दोघंही गप्प.

मग त्यांनी मला रीत समजावली. आधी कमरेला आणि खांद्याला पट्टा, तो झाडाला बांधायचा, मगच वर चढायचं. बंदूक रिकामी ठेवून मागाहून दोरीने ओढून घ्यायची. हे सगळं बोलून झाल्यावर ते शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर. गुडघा बदललेला.

"उतरवूया," ते म्हणाले.

मी शिडी धरायला गेलो होतो, ती आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवली. नवे पट्टे पिशवीतच राहिले. त्यांनी ओकच्या बुंध्याशी घडीची खुर्ची टाकून पाहिली, समोरच्या दोन फांद्या करवतीने छाटल्या, परत बसले. "इथूनही दिसतं."

मला शिकार अजून आवडत नाही, आणि आवडेलसं वाटतही नाही. पण "थांबायचं कधी" हे कळलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. शंभर वर्षांपूर्वी एका अख्ख्या राज्याला ते असंच, जरा उशिराने कळलं होतं.

परत येताना त्यांनी विचारलं, "मोसमाच्या पहिल्या दिवशी सोबत बसायला येशील? नुसता." अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?