जीवनकथेचे ऋणानुबंध : येशूसंघाच्या आरंभकाळातील एक धडा

महोत्सवाच्या पुस्तिकेत मंदिर केव्हा उभे राहिले, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू सेवा करून गेले, ह्याची नोंद असावी हे योग्यच होय. परंतु दगडास दगड चुन्याने सांधला जातो, तसे माणसास माणूस कशाने सांधले जाते, हे त्या नोंदींवरून कळत नाही. त्याचे उत्तर आम्हांस सुमारे पाचशे वर्षांमागील एका विद्यार्थ्यांच्या खोलीत सापडते.

सन १५२९ मध्ये पॅरिस येथील सेंट बार्ब विद्यालयात तीन विद्यार्थी एकत्र राहू लागले. पीटर फेबर हे सव्हॉय प्रांतातील, लहानपणी मेंढरे राखलेले. फ्रान्सिस झेव्हियर हे नवार देशीच्या कुलीन घराण्यातील. दोघांचाही जन्म १५०६ सालचा. तिसरे इग्नेशियस लोयोला, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी वडील व पायाने अधू. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्यात कॅस्टिलच्या राजाच्या बाजूने लढताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला होता, आणि त्याच युद्धात झेव्हियरांचे भाऊ विरुद्ध पक्षाकडून लढले होते. अशा माणसांचे सूत जमावे असे वरवर पाहता काहीच नव्हते.

फेबर इग्नेशियसांस ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवीत. परंतु शिकविणाऱ्याचे मन फार व्याकूळ होते. आपली पापे खरोखर क्षमा झाली किंवा नाही, पुढे कोणता मार्ग धरावा, ह्या शंकांनी ते पोखरले होते. त्यांनी आपले अंतःकरण इग्नेशियसांपुढे उघडे केले. ऐकणाऱ्याने हा रोग पुस्तकात वाचला नव्हता. मनरेसा गावी १५२२ साली त्याच शंकांपायी त्यांस स्वतःस जीव नकोसा झाला होता. म्हणून त्यांच्या सांत्वनास वजन आले. आपली खोली, जेवण व पैशाची पिशवी ही एकच झाली होती, असे फेबर ह्यांनी पुढे १५४२ साली आरंभिलेल्या आपल्या आध्यात्मिक टिपणात लिहून ठेविले आहे. झेव्हियर मात्र उशिरा वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली, आणि १५४० साली पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघास मान्यता दिली.

अशा रीतीने जडलेला स्नेह अंतराने तुटत नाही. झेव्हियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले; आमच्या वसईसही त्यांचे पाय लागले. १५४६ साली ते दूर आंबोइना बेटावर होते. तेथून सोबत्यांस लिहिलेल्या पत्रात ते कळवितात की, तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातच्या सह्या कापून घेऊन आम्ही त्या जवळ बाळगतो. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यानजीक त्यांनी देह ठेविला. ती वार्ता रोमला पोहोचली नव्हती. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियस त्यांस परत बोलाविण्याचे पत्र लिहीत होते.

त्याच उन्हाळ्यातील एक प्रसंग आमच्या विषयाचा गाभा होय. जेरोम नादाल हे संघबंधू इग्नेशियसांस पुष्कळ दिवस विनवीत होते की, प्रभूने आपणांस कसकसे चालविले ते आम्हांस सांगा. पित्याने मुलांस मृत्युपत्र द्यावे तसे ते आम्हांस होईल. इग्नेशियस टाळीत होते. पुढे ४ ऑगस्ट १५५३ रोजी लुईस गोन्साल्व्हिस द कामरा ह्या धर्मगुरूंनी बागेत त्यांच्यापाशी आपले दुःख सांगितले : लौकिकाची हाव आपणांस सोडीत नाही. तेव्हा इग्नेशियस उत्तरले की, हाच शत्रू आमच्याही मागे दोन वर्षे होता. बार्सिलोनाहून यरुशलेमच्या यात्रेस निघताना, बढाई होईल ह्या भयाने, आम्ही कोठे जातो हेही कोणास सांगत नव्हतो. कामरांचे मन शांत झाले. आणि थोड्याच वेळाने भोजनप्रसंगी इग्नेशियसांनी आपला जीवनवृत्तान्त सांगण्याचा निश्चय प्रकट केला. ज्यास पूर्वी आत्मस्तुतीचे भय होते, त्याने दुसऱ्याची गरज पाहून तोंड उघडले, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

ते खोलीत येरझाऱ्या घालीत सांगत. मुद्रा न्याहाळावयास कामरा जवळ सरकले, तर नियम पाळा, अशी समज देत. कामरा लागलीच जाऊन टिपणे करीत. मध्ये दीर्घ खंड पडले; कामरा १५५५ च्या ऑक्टोबरात रोम सोडीपर्यंत हे काम चालले. शेवटचा भाग इटालियन भाषेत आहे, कारण जिनोव्हा शहरी स्पॅनिश जाणणारा लेखनिक मिळाला नाही! कथेत इग्नेशियस स्वतःस ‘मी’ न म्हणता ‘यात्रेकरू’ म्हणवितात, आणि तारुण्यातील पोकळ डामडौल एका वाक्यात आटोपतात. सर्वच सांगावयाचे नसते. पापनिवेदनाची जागा वेगळी, बैठकीची वेगळी. ३१ जुलै १५५६ रोजी ते निवर्तले. आणखी नऊ महिने विलंब झाला असता, तर ती कथा अपुरीच राहिली असती. पुढे १५६७ साली तिच्या प्रती परत मागविण्यात आल्या, आणि मूळ भाषेतील पाठ १९०४ साली छापून निघाला.

धर्मबंधूंनो, एकाच मिस्सेस येणारी, एकाच बाकावर बसणारी, परंतु परस्परांचे सुखदुःख न जाणणारी कुटुंबे कोणत्या धर्मग्रामात नाहीत? शेताच्या बांधावरून अबोला धरलेले शेजारी कोठे नाहीत? त्यांस व्याख्यान देऊन फारसे साधत नाही. परंतु शेजाऱ्याने कोणते कर्ज फेडले, कोणते लेकरू पुरले, कोणत्या रात्री त्याचा विश्वास डळमळला, हे ज्यास एकदा कळले, त्यास त्याचा द्वेष करणे जड जाते. म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने जपमाळेच्या प्रार्थनेनंतर थोडा वेळ राखून ठेवावा. वडीलधाऱ्यांनी सांगावे, लेकरांनी न टोकता ऐकावे, आणि ज्यास लिहिता येते त्याने कामरांप्रमाणे त्याच दिवशी टिपून ठेवावे. वृद्ध माणसे आमची वाट पाहत थांबणार नाहीत. मंदिराच्या भिंतीस पुढे पुन्हा चुना लाविता येईल. न ऐकलेली कथा मात्र सांगणाऱ्याबरोबर दफनभूमीत जाते.